चिठ्ठीने निवडलेली ओवी

ग्रंथातले कुठलेही वाक्य घेऊन त्यावर लिहिण्याच्या सरावात निवड निःपक्षपाती हवी. पुस्तक सहज उघडले, तर हाताळलेलीच पाने पुन्हा समोर येतात. उदाहरणार्थ, आळंदीत समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी घ्यावी. प्रचलित प्रतींत तिच्या बाराव्या अध्यायात २४७ ओव्या आहेत, अठराव्यात तब्बल १८१०. आधी अध्यायाची चिठ्ठी काढली, मग ओवीची, तर बाराव्यातली एखादी ठरावीक ओवी निघण्याची शक्यता अठराव्यातल्या एखाद्या ठरावीक ओवीच्या सातपटीहून जास्त होते. हा दोष सहसा लक्षातच येत नाही. सर्व ओव्यांना सलग क्रमांक देऊन एकदाच चिठ्ठी काढली, की तो जातो. निघालेल्या ओवीचा अर्थ आधी स्वतःच्या शब्दांत लिहावा, मगच मागच्यापुढच्या ओव्या वाचाव्यात. कारण ज्ञानेश्वरीत एकच दृष्टांत अनेकदा कितीतरी ओव्या चालतो.