गावचं घर पाहुण्यांना भाड्यानं देताय? परवानग्या, कर आणि बहिणीचा हिस्सा आधी समजून घ्या

मे महिना आणि ईदचे चार दिवस सोडले तर कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत निम्म्या घरांना कुलूप दिसतं. एक मुलगा कुवेतला, दुसरा मुंब्र्याला, अम्मी त्यांच्यापैकी एकाकडं आणि वालिद साहेबांनी हौसेनं बांधलेलं चिऱ्याचं घर पावसाच्या हवाली. दरवर्षी कौलं फिरवायची, रंग काढायचा, घरपट्टी भरायची. आमदनी मात्र शून्य.

आमच्याही घराचं असंच होतं. दापोलीच्या किनाऱ्याजवळचं ते घर पुतण्यानं एका बुकिंग ॲपवर टाकलं आणि पहिल्याच डिसेंबरात पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागले. घर उघडं राहिलं, पैसा आला, सगळे खूश. मग एका महिन्यात तीन गोष्टी घडल्या. इंग्लंडचा पासपोर्ट असलेलं एक जोडपं दोन रात्री राहून गेलं आणि पोलीस ठाण्यातून विचारणा झाली, "सी फॉर्म भरला का?" ग्रामपंचायतीनं विचारलं, "घर राहतं आहे की धंद्याचं?" आणि तिसरा फोन आमच्या मोठ्या आपाचा. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "घर अब्बांचं आहे ना? मग मला कोणी विचारलं का नाही?"

तिन्ही वेळा आमच्याकडं उत्तर नव्हतं. पुढं जे शिकलो, ते इथं एकेक करून मांडतो. ज्यांच्या घरात असा विचार चालू आहे, त्यांनी आमच्यासारखं उलट्या क्रमानं शिकू नये.

आधी घर कोणाचं ते ठरवा

नमुना ८ चा उतारा काढून बघा. अनेक घरांवर अजून दादांचं, म्हणजे आजोबांचं किंवा मरहूम वालिदांचंच नाव असतं. अशा घरात सगळ्या वारसांचा हक्क असतो. बहीण लग्न करून गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. शरीअतनंही नाही आणि कायद्यानंही नाही.

उदाहरण घेऊ. वालिद वारले, मागं अम्मी, दोन भाऊ आणि एक बहीण. कर्ज, वसीयत वगैरे फेडून झाल्यावर अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेल्यात प्रत्येक भावाला बहिणीच्या दुप्पट. म्हणजे घराचे ४० भाग केले तर अम्मींचे ५, प्रत्येक भावाचे १४ आणि बहिणीचे ७. घराच्या भाड्यालाही हाच हिशेब लागतो. खर्च वजा जाऊन वर्षाला २ लाख रुपये उरले, तर अम्मींचे २५ हजार, भावांचे सत्तर-सत्तर हजार आणि बहिणीचे ३५ हजार.

जो माणूस गावात राहून चादरी धुतो, पाहुण्यांना उतरवून घेतो, त्याला मेहनताना मिळालाच पाहिजे. पण तो आधी सगळ्यांनी मिळून ठरवावा आणि खर्चात धरावा. "मी राबतो म्हणून सगळं माझं" हे चालत नाही. वारस नोंद करून घ्या आणि सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र करा. बहिणीनं आपखुशीनं हिस्सा सोडला तर गोष्ट वेगळी. पण ती गप्प बसली म्हणजे तिनं सोडला, असं धरू नका.

नोंदणी कुठं करायची

महाराष्ट्रात अशा घरांसाठी "न्याहारी व निवास" ही सरकारी योजना बऱ्याच वर्षांपासून आहे. पर्यटन संचालनालयाकडं अर्ज करून घराची नोंद होते. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचीही अशीच योजना आहे. तिच्यात १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं, अशा अटी आहेत. "राहायला हवं" ही अट नीट वाचा. कुलूप लावून किल्ली केअरटेकरकडं दिलेलं घर या योजनेत बसत नाही.

गोव्यात ज्यांची घरं आहेत त्यांनी लक्षात ठेवावं, की तिथं १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडं नोंदणी करावी लागते. एक-दोन खोल्याच आहेत, ही सबब तिथं चालत नाही.

शहरातल्या फ्लॅटचा मामला आणखी वेगळा. मीरा रोड असो की कोंढवा, रोज नवे चेहरे बॅगा घेऊन लिफ्टमध्ये शिरले की सोसायटीत तक्रार होणारच. सोसायटीचे उपविधी वाचल्याशिवाय आणि कमिटीचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय फ्लॅट ॲपवर टाकू नका.

ग्रामपंचायत, वीज आणि समुद्र

घरपट्टी ठरवताना वापर बघितला जातो. राहत्या घरापेक्षा व्यापारी वापराला आकारणी जास्त. म्हणून ग्रामपंचायतीला स्वतःहून अर्ज द्या, ना-हरकत मागा आणि अर्जाची पोच घ्या. वीजबिलाचंही तेच. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती आणि वाणिज्यिक असे वेगळे वर्ग आहेत. सरकारी योजनेतली नोंदणी हातात असेल तर ती जोडून कोणता दर लागेल, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. नंतर फरकाची रक्कम एकदम भरण्यापेक्षा हे बरं.

आपली बरीच घरं समुद्राला लागून आहेत, म्हणजे सीआरझेडमध्ये. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना, मच्छीमारांसकट, होमस्टे चालवायला वाव ठेवला आहे. पण अट अशी, की आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आजोबांच्या ओटीवर पाहुणा चालेल. पण मागच्या वाडीत परवानगीशिवाय दोन नव्या खोल्या काढल्या, तर त्या पाडायची नोटीस येऊ शकते. पाहुणे वाढले की पहिला मोह बांधकामाचाच होतो, म्हणून हे सांगून ठेवतो.

पोलीस आणि सी फॉर्म

प्रत्येक पाहुण्याची नोंद रजिस्टरमध्ये ठेवा: नाव, पत्ता, फोन, किती माणसं, कधी आले, कधी गेले. ओळखपत्राची प्रत घ्या. आधार कार्ड देत असतील तर पहिले आठ आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क्ड आधार घ्या. दुसऱ्याच्या कागदाची जबाबदारी आपल्यावर येते; ती प्रत व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

पाहुणा परदेशी पासपोर्टवर असेल तर २४ तासांच्या आत सी फॉर्म भरणं बंधनकारक आहे. हा फॉर्म ऑनलाइन भरतात. त्यासाठी घराची नोंद करून लॉगिन घ्यावं लागतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक शाखेत चालतं. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते.

आमची चूक इथंच झाली. ते जोडपं आपल्यातलंच होतं. त्यांचे दादा शेजारच्या गावचे, बोली कोकणी, जेवायला बसले तर घरचेच वाटले. परदेशी म्हणून ते डोक्यातच आलं नाही. पण कायदा बोली बघत नाही, पासपोर्ट बघतो. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, केनया इथं आपले कितीतरी लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. तेच सुट्टीत गावची घरं शोधत येतात, म्हणून आपल्या मोहल्ल्यांना हा नियम माहीत असणं जास्त गरजेचं. आमच्याकडून लेखी खुलासा घेऊन समज देण्यात आली. दुसऱ्या वेळी एवढ्यावर भागेल असं धरून चालता येणार नाही.

जीएसटी: घाबरू नका, पण समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के.

महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर अशा सेवेसाठी साधारणपणे स्वतः जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. ही उलाढाल पॅननुसार मोजतात. त्याच पॅनवर दुकानाचं भाडं येत असेल तर तेही धरायचं.

बुकिंग ॲपवरून आलं आणि मालकाला नोंदणीची गरज नसेल, तर त्या खोलीचा जीएसटी ॲप कंपनीच पाहुण्याकडून घेऊन सरकारला भरते. समजा खोली २,००० रुपयांची. पाहुणा त्यावर १०० रुपये कर देईल. तो आपल्या हातात येत नाही आणि आपण भरायचाही नाही. फोनवर थेट बुकिंग झालं आणि आपली नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटी लावू नका. नोंदणी नसताना कर वसूल करणं हा गुन्हा आहे.

आयकर आणि आखाती भाऊ

ॲप कंपनी आपल्या रकमेतून ०.१ टक्का टीडीएस कापते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीची त्या ॲपवरची वर्षाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही. पॅन-आधार दिला नाही तर ५ टक्के कापला जातो. टीडीएस कापला नाही याचा अर्थ उत्पन्न करमुक्त झालं असा नाही. ते विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

वर्षभरासाठी भाडेकरू ठेवला तर ते "घरापासूनचं उत्पन्न" आणि त्यात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पण रोजच्या पाहुण्याला न्याहारी, साफसफाई, चादरी देत असू, तर ते साधारणपणे व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. मग खरा झालेला खर्च वजा करता येतो आणि त्यासाठी गॅसपासून रंगापर्यंतच्या पावत्या लागतात.

आणि हा मोठा गैरसमज: "भाई कुवेतला आहे, तिथं इन्कम टॅक्स नाही, म्हणून इथंही नाही." असं नाही. भारतातल्या घराचं भाडं भारतातच करपात्र आहे, मालक कुठंही असो. अनिवासी भावाचा हिस्सा त्याच्या एनआरओ खात्यात जायला हवा, साध्या बचत खात्यात नाही. टीडीएसचा वर सांगितलेला ०.१ टक्क्याचा नियमही त्याला लागू होत नाही. बुकिंग खातं कोणाच्या नावावर असावं, हे म्हणून आधीच सीएला विचारून ठरवा. पुतण्याच्या पॅनवर सगळ्या खानदानाचं उत्पन्न आलं, की उद्या नोटीसही त्यालाच येणार.

न्याहारी आणि घराचे नियम

पैसे घेऊन खायला घालत असाल तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायासाठी तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. आंबोळी-चहा असो की पूर्ण जेवण, नोंदणी घ्याच.

घरात शराब चालणार नाही, रात्री दहानंतर आवाज नको, मशिदीसमोर गाडी लावू नये, असे नियम असतील तर ते बुकिंगच्या आधी लिहून दाखवा. पाहुणा दारात आल्यावर सांगितलं तर भांडण होतं आणि नाव सगळ्या मोहल्ल्याचं खराब होतं.

आम्ही पहिला हंगाम संपल्यावर चार महिने बुकिंग बंद ठेवलं. वारस नोंद केली, अर्ज दिले, एक जाड वही घातली. तिच्यात डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. वर्षाअखेरी आपाच्या खात्यात तिचा हिस्सा गेला, मागच्या वर्षाच्या बाकीसकट. रक्कम फार मोठी नव्हती. तिनं फोन करून आधी वही वाचून दाखवायला सांगितली, मग म्हणाली, "मागच्या खोलीचं छत गळतं, पुढच्या वर्षी माझ्या हिश्शातून थोडे त्यात घाला." आता मे महिन्यात ती खोली ॲपवर बंद असते. आपा मुलांना घेऊन येते.