घरगुती पत्त्यांच्या डावातील पैशाचा व्यवहार

विदर्भातील इतर भागांप्रमाणे चंद्रपूर जिल्ह्यात, आणि १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातही, पोळ्याच्या सुमारास तीनपत्तीचे डाव रंगतात. श्रावण अमावास्येच्या या काळात धानाची रोवणी आटोपलेली असते, परंतु पीक हाती येण्यास अवकाश असतो. तेंदूपानाची उन्हाळी मजुरीही बहुधा खर्ची पडलेली असते. अशा वेळी उधारीवर हरलेली रक्कम येणाऱ्या पिकावर बोजा होऊन बसते. म्हणून डावातील पैशाचे नियम हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

या नियमांचे मूळ प्रयोजन याज्ञवल्क्यस्मृतीच्या द्यूतप्रकरणावरून स्पष्ट होते. तेथे द्यूतगृह चालविणारा सभिक जिंकलेल्या रकमेतून शेकडा हिस्सा घेतो, राजाला त्याचा भाग देतो आणि हरणाऱ्याकडून वसूल केलेले द्रव्य जेत्याच्या हाती ठेवतो. राजाचा भाग पोचलेला असून खेळ सभिकासमक्ष उघडपणे झाला असेल, तरच राजाने जेत्याला रक्कम मिळवून द्यावी, एरवी नाही. सारांश, हिस्सा हा हमीचा मोबदला होता.

आज ही हमी उरलेली नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य असून जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. हमीदार नसलेल्या डावात हमीचे काम नियमांनाच करावे लागते. ते असे होते :

१. प्रत्येकाने आरंभीच ठरीव रक्कम रोख भरावी व तेवढ्याच मोलाच्या कवड्या किंवा चिंचोके घ्यावेत. खेळ त्यांवरच चालावा.

२. बूट, चालीची कमाल मर्यादा, पुन्हा भरणा करण्याची मर्यादा व उठण्याची वेळ पत्ते वाटण्यापूर्वीच ठरावी.

३. पेटी एकाकडे असावी. प्रत्येक भरणा सर्वांदेखत लिहावा.

४. उधारी नसावी, खेळणाऱ्यांनी एकमेकांसही कर्ज देऊ नये.

५. शेवटी चिंचोके मोजूनच पैसे परत करावेत.

उदाहरणार्थ, सहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये भरले व दोघांनी पुढे ५०-५० रुपयांची भर घातली, तर पेटीत ७०० रुपये असतात. एका रुपयास एक चिंचोका या हिशेबाने शेवटी ७०० चिंचोके भरलेच पाहिजेत. चिंचोके कोणाच्याही घरी सापडतात. म्हणून ते खुणेचे असणे बरे.

ही बेरीज जुळण्यात आणखी एक अर्थ आहे. घरधन्याने डावातून काढलेल्या हिश्शास ‘नाल’ म्हणतात. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील सामान्य जुगारगृहाच्या व्याख्येत मालकाचा किंवा चालकाचा लाभ हे प्रमुख लक्षण आहे. म्हणजे नाल घेताच घराचा अड्डा होऊ लागतो. सार्वजनिक जागी खेळणे तर नालेवाचूनही दंडनीय ठरू शकते.

सभिक हिस्सा घेई, पण हमी देई. नाल घेणारा हिस्सा घेतो, परंतु कायदेशीर हमी देऊ शकत नाही. भरलेला प्रत्येक रुपया खेळणाऱ्यांकडेच परत जाणे आणि कोणीही ऋणको म्हणून न उठणे, हीच घरगुती डावाची खरी कसोटी होय.