अडकित्ता आणि जबडा

आमच्या मुरुडच्या घरात आजीचा पानाचा डबा अजून आहे. त्यातल्या अडकित्त्यानं मला जबड्याचा सांधा शिकवला. निमित्त झालं पुतण्याच्या अपघाताचं.

पावसात त्याची मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी टाकणारं. एका दवाखान्यात हनुवटीला टाके घातले आणि निभावलं, असं आम्ही समजलो. चार दिवसांनी तो म्हणाला, "चाचा, दात दातांवर बसत नाहीत." तोंड उघडलं की हनुवटी डावीकडे सरकायची. मुंबईत एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मार हनुवटीला लागला होता, पण मोडली होती डाव्या कानापुढची जबड्याची मान.

हनुवटीचा धक्का हाडातून वर जातो आणि सांध्याखालची बारीक मान तुटते. एका अर्थी ते बरंच, नाहीतर जबड्याचं टोक कवटीत घुसलं असतं.

आता अडकित्ता आठवा. सुपारी बिजागरीजवळ आणि हाताचा जोर टोकाला, म्हणून कमी बळात काम होतं. जबड्यात उलट आहे. स्नायूंचा जोर मध्ये, घास पुढे. त्यामुळे बराच भार मागे बिजागरीवर, म्हणजे सांध्यावर येतो. त्या भारानं मान वाकू पाहते. तिची पुढची कड ताणली जाते, मागची दाबली जाते. वाऱ्यात झुकलेल्या पोफळीचंही असंच होतं.

म्हणून पट्टी कुठं बसवायची याला महत्त्व. टायटॅनियमची पट्टी जेमतेम मिलिमीटरभर जाड. ती ताण सोसते, पण सहज वाकते. फक्त मागच्या कडेला एकच पट्टी लावली, तर प्रत्येक घासाला पुढची फट उघडू पाहते. मग पट्टी वाकते किंवा स्क्रू ढिले होतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या शांपी या सर्जननी १९७८ साली मांडलं, की जिथं हाड ताणलं जातं तिथं लहान पट्टी बसवावी. मानेसाठी त्यामुळे बहुधा दोन पट्ट्या वापरतात. एक मागच्या कडेला, दुसरी पुढे. पुतण्याला तशाच बसवल्या. काही आठवडे पेज, मऊ भात आणि तोंड उघडण्याचा व्यायाम.

प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तिला जपावं लागतं. लहान मुलांत तर शक्यतो शस्त्रक्रिया टाळून व्यायामावरच भर देतात. मात्र दुखापत लक्षातच आली नाही, तर मुलाचा सांधा आखडतो, तोंड उघडेनासं होतं आणि हनुवटीची वाढ खुंटते.

म्हणून मंडळी, हनुवटीवर पडलेल्या माणसाला नुसते टाके घालून घरी आणू नका. दात नीट जुळतात का, तोंड सरळ उघडतं का, कानापुढे दुखतं का, एवढं पाहा. आम्ही चार दिवस पाहिलं नव्हतं.