महाडला सायकलनं जाताना: ओझं किती आणि कुठं?

गेल्या वर्षी १८ मार्चच्या पहाटे आमच्या वस्तीतून सात सायकली महाडकडे निघाल्या. पुण्याहून जुन्या कात्रज घाटानं कापूरहोळ, तिथून भोर, पुढं नीरा देवघर धरणाच्या कडेकडेनं वरंध घाट आणि खाली महाड. अंतर १३० किलोमीटरच्या आसपास. एक मुक्काम वाटेत, १९ला संध्याकाळी महाडात पोचायचं आणि २०ला सकाळी चवदार तळ्यावर अभिवादन, असा बेत होता. सातजणांपैकी सहाजण पोचले.

सातवा आमच्यातला सगळ्यांत धडधाकट. हमालीचं काम करणारा, म्हणून सगळ्यांनी हौसेनं त्याच्याच पाठीवर जास्त सामान दिलं. भोरच्या अलीकडे साडेअकराच्या उन्हात तो सायकलवरून उतरला आणि चिंचेखाली बसला तो उठेना. डोकं दुखत होतं, उलटी झाली, पोटऱ्यांत गोळे येत होते. सावलीत आडवं करून, ओलं फडकं फिरवून, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजून तासाभरानं तो बोलायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाठीवर काय होतं?" सॅक दुकानाच्या काट्यावर ठेवली. १४ किलो! आत तंबूचे बांबू, दोन पातेली, स्टोव्ह, एक गोधडी, तीन जीन्स आणि पाच किलोची तांदळाची पिशवी निघाली.

त्याला एसटीत बसवून परत पाठवलं, सायकल भोरमधल्या एका बौद्ध घरी ठेवली. पण घाईत त्याची सॅकही त्याच्याबरोबर गेली. तंबूचं कापड आमच्याकडे राहिलं आणि बांबू पुण्याला गेले. हे आमच्या लक्षात आलं रात्री, आणि तेही वाईट वेळी.

त्या रात्री एका गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही जागा मागितली होती. जागा आहे, सायकली आत घ्या, असं उत्तर मिळालं. मग नाव विचारलं, आडनाव विचारलं, महाडला कशासाठी चाललात ते विचारलं. त्यानंतर तिथं मुक्कामाला परवानगी नसल्याचं कळलं. भांडायची ताकद नव्हती. बरोबर दोन मुली होत्या. अंधारात चार किलोमीटर पुढं गेलो, रस्त्याकडेच्या झाडाखाली बिनबांबूचा तंबू अंथरून त्यावर झोपलो. डासांनी फोडून काढलं.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर उतरल्यापासून काय घडलं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. जेवणाचे डबे भरलेले होते. पाणी मात्र कुणी दिलं नाही, म्हणून मुलं उपाशी झोपली. आपल्या माणसानं प्रवासाला निघताना पाणी आणि आसरा आपल्या गाठीशी ठेवावा, हे आम्हाला त्या झाडाखाली पुन्हा एकदा कळलं. पण गाठीशी ठेवायचं म्हणजे १४ किलो पाठीवर घेऊन आजारी पडायचं असंही नाही. २० मार्च २०२७ला महाडच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतात. अनेक वस्त्यांतली मुलं-मुली सायकलनं जायचं म्हणतायत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाऐवजी ओझ्याबद्दल लिहितो आहोत.

परत आल्यावर आम्ही एक साधं काम केलं. सगळं सामान विहारात मांडलं आणि एकेक वस्तू किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वहीत लिहिली. अंदाजानं कुणालाच खरं वजन सांगता आलं नाही. गोधडी "किलोभर असेल" म्हणत होतो, ती निघाली अडीच किलो. एक जीन्स पाऊण किलोची. दुकानातला स्वस्त घुमटी तंबू तीन किलोचा. परदेशी सायकलस्वार एक-सव्वा किलोचे तंबू वापरतात, ते व्हिडिओत छान दिसतात, पण त्यांची किंमत आपल्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी असते. त्यांच्या मागे लागायची गरज नाही.

आसरा. आता आम्ही ताडपत्री घेतो. घेताना दुकानदाराला जीएसएम विचारायचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ९० जीएसएमची तीन मीटर बाय तीन मीटर ताडपत्री ८१० ग्रॅम भरते. तीच २०० जीएसएमची घेतली तर १ किलो ८०० ग्रॅम. पावसाळ्यात घरावर टाकायला जाड लागते, दोन रात्रींच्या मुक्कामाला पातळ पुरते. पाच-सहाशे रुपयांत काम होतं आणि नंतर ती घरी उपयोगी पडते. बांबू लागतच नाहीत. दोन झाडं असतील तर दोरी ताणायची, नसतील तर दोन सायकली उभ्या करून त्यांच्या सीटवरून ताडपत्री टाकायची आणि चारी कोपरे दगडांना बांधायचे. वाऱ्याची बाजू खाली ठेवायची. हे एकदा वस्तीच्या मैदानात अंधारात करून पाहा, दिवसा सोपं वाटतं. एका ताडपत्रीत दोघं मावतात, आणि त्या दोघांची ताडपत्री, दोरी, खुंट्या सगळं त्या दोघांकडेच राहायला हवं. तंबूचे तुकडे सातजणांत वाटायचे नाहीत. का, ते वर सांगितलंच आहे.

ताडपत्रीला भिंती नसतात, म्हणून मच्छरदाणी हवीच. एकट्याची नायलॉनची, टांगायची मच्छरदाणी ४०० ग्रॅमच्या आत मिळते. तिच्या कडा चटईखाली नीट खोचल्या की डासांबरोबर विंचू-किड्यांचीही काळजी कमी होते. सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा. साप चावलाच तर मंत्र, जडीबुटी, चिरा मारणं काही नाही. हालचाल कमीत कमी करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

अंथरूण-पांघरूण. योगासनाच्या फोमची पातळ पट्टी ३५० ग्रॅमची असते, ती खांद्यापासून कमरेपर्यंत कापून घेतली तरी चालते. पायाखाली रिकामी पिशवी ठेवायची. जमीन उन्हाळ्यातही पहाटे अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळं वरच्या पांघरुणापेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं. कोकणात मार्चमध्ये एक चादर पुष्कळ झाली. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. कपडे दोनच जोड, एक अंगावर आणि एक कोरडा. जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते.

स्वयंपाकाचं सामान आम्ही पूर्ण काढून टाकलं. यावर आमच्यात बराच वाद झाला. एका मावशींचं म्हणणं, पोरं उपाशी राहतील. पण स्टोव्ह, इंधन, पातेली, शिधा मिळून साडेतीन किलो होतात आणि वाटेत भोरमध्ये, पुढं बिरवाडीला, महाडला जेवण मिळतं. शिवाय मार्चमध्ये घाटातलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो. शेवटी मावशींनीच दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे असा दोन दिवसांचा शिधा बांधून दिला. माणशी ८०० ग्रॅम. चढावर तासातासाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्ला की पाय चालतात, पोट जड होत नाही.

आता ओझं कुठं ठेवायचं? पाठीवर काहीही नको. पाठीवरच्या सॅकनं घाम वाळत नाही, म्हणून अंग तापतं. खांदे आखडतात, मान दुखते आणि ते सगळं वजन शेवटी सीटवर येतं, त्यामुळं बूड सोलतं. आमचा गडी आडवा झाला त्यात उन्हाइतकाच त्या सॅकचा हात होता असं डॉक्टरांचं मत पडलं. सायकलनंच ओझं वाहायचं. जड वस्तू म्हणजे पाणी, हत्यारं, शिधा हे सायकलच्या मधल्या त्रिकोणात, जितकं खाली तितकं चांगलं. हलकं पण फुगीर, म्हणजे फोमची पट्टी आणि मच्छरदाणी, हँडलला. ताडपत्री आणि कपडे कॅरिअरवर. वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आम्हाला रेक्झिनच्या त्रिकोणी पिशव्या शिवून दिल्या. तयार पिशव्यांच्या किमतीत आमच्या तीन सायकलींचं काम झालं. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड गुंडाळलं की सामान कोरडं राहतं.

बांधायला सुतळी नको. गेल्या वर्षी वरंध घाटाच्या उतारावर एकाची सुतळी सैल होऊन मागच्या चाकात गेली, चाक अडकलं आणि तो दरीच्या बाजूला पडता पडता वाचला. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबा पडलेल्या असतात. त्याच्या लांब पट्ट्या कापून घ्या. ताणून बांधल्या की सैल होत नाहीत आणि मोकळं टोकही लोंबत नाही. बांधून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, ब्रेकची वायर दबत नाही ना, पिशवी टायरला घासत नाही ना. ओझं असलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही. निघण्याआधी ब्रेकचे रबर बदला, आणि घाटात ब्रेक सतत दाबून न धरता थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा. घाट दुरुस्तीसाठी बंदही असतो, आधी चौकशी करा.

काही वजन मात्र कमी करायचं नाही. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पाना, टॉर्च, लाल दिवा, हेल्मेट आणि औषधाची पिशवी. त्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, पट्टी, जंतुनाशक, आणि ज्याच्या त्याच्या नेहमीच्या गोळ्या.

पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून मुलं पाणी कमी घेतात. हीच मोठी चूक. उन्हात सायकल चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. दोन लिटर सायकलवर हवंच, आणि जिथं चांगलं पाणी दिसेल तिथं भरून घ्यायचं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रायगडातला मार्च हलक्यात घेऊ नका, २०१७च्या मार्चअखेरीस भिरा इथं ४६.५ अंशांची नोंद झाली होती. पहाटे पाच ते साडेदहा चालवायचं, मग चार वाजेपर्यंत सावली. कुणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं, अंग तापून लाल झालं, तर तो नुसता थकवा नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच १०८.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. लघवीला जागा नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. आमच्या दोघींपैकी एकीला परत आल्यावर लघवीच्या जळजळीनं आठवडाभर औषध घ्यावं लागलं, आणि तिनं वाटेत कुणाला सांगितलं नव्हतं. आता दर दीड तासाला सगळ्यांनी थांबायचं, कुणी मागितलं म्हणून नाही, नियम म्हणून. ताडपत्रीचा आडोसा दोन मिनिटांत होतो. पाळीचं सामान, कोरडी सुती चड्डी आणि कागदी पिशव्या मुलींच्याच नव्हे तर गटाच्या पिशवीत असतात. यासाठी २०० ग्रॅम वाढले तरी वाढू देत.

आपल्या घरांत, विशेषतः विदर्भाकडून आलेल्या कुटुंबांत, सिकलसेल आढळतो. पाणी कमी पडणं, अतिश्रम, गारठा यांनी त्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ज्यांना हा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रवास करू नये. रक्तदाब, मूत्रपिंड, मधुमेह असलेल्यांनीही मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल आधी विचारून घ्यावं.

या वर्षीचा आमचा हिशेब पाणी सोडून माणशी साडेपाच किलोच्या आत आला. मुक्कामासाठी भोरच्या पुढच्या गावातल्या आपल्या लोकांशी आधीच बोलून ठेवलंय, विहारात जागा आहे. तरी ताडपत्री घेणारच. आणि महाडला पोचल्यावर गांधारपाले लेणी जरूर पाहा, पण तिथं मुक्काम किंवा चूल नको. ते संरक्षित स्मारक आहे आणि आपल्याच भिक्खूंचं घर आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर काटा ठेवतो आहोत. सामान भरलेली सायकल घेऊन या, मग जुन्या कात्रज घाटावर एक फेरी मारून येऊ. आमचा सातवा गडी वहीत वजनं लिहायला बसणार आहे.