थंडीत फायबरची होडी जोडताय? हार्डनर ओतण्याआधी ऊन बघा

शिरपूर जैन : अडोळ, एकबुर्जीसारख्या जलाशयांवर फायबरची होडी वापरणाऱ्यांना थंडीत एक अडचण हमखास येते. तळाला लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. मग ‘गारठा आहे, हार्डनर जरा जास्त टाका’ असा सल्ला मिळतो. ठिगळ वरून कडक दिसतं, पण आतून कच्चं राहू शकतं. असं ठिगळ भर पाण्यात सुटलं, तर अंगावर स्वेटर आणि पायात जाळं अडकलेल्या पोहणाऱ्यालाही काठ गाठणं कठीण जातं.

मुळात रेझिन रंगासारखं वाळत नाही. हार्डनर मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं आणि त्या क्रियेला ऊब लागते. त्यामुळे पंखा लावून काही उपयोग नाही. पारा १५ अंशांखाली गेला की काम रेंगाळतं, १० अंशांखाली तर हातच लावू नये.

होड्यांसाठी बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात किलोमागे साधारण १० ते २० मिली हार्डनर पडतं. थंडीत २० कडे झुकावं, पण त्यापुढे नाही. जास्तीचं हार्डनर आतच राहून थर मऊ करतं. जाड थर असेल तर उलट तो तापून तडकतो. इपॉक्सीत तर एवढीही सूट नाही. डब्यावरचं प्रमाण मोडलं की माल वाया.

उपाय साधा आहे. रेझिनचा बंद डबा हार्डनर टाकण्याआधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवावा. होडी उलटी करून उन्हात तापू द्यावी. पहाटेचं दव पुसून, तळ पूर्ण कोरडा झाल्यावर घासावा आणि ११ वाजता काम धरावं, म्हणजे सूर्य कलण्याआधी थर धरतो. उशिरा सुरू केलेलं काम रात्रीच्या गारठ्यात सापडतं. शेकोटी मात्र जवळ नकोच, कारण रेझिनची वाफ पेट घेते.

काही ठिकाणी कोबाल्ट नावाचं जांभळट द्रव वेगळं मिळतं. ते आधी रेझिनमध्ये नीट ढवळावं, हार्डनर त्यानंतर. ही दोन द्रवं थेट एकमेकांत मिसळली तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे लागतातच. थेंब उडालाच तर भरपूर पाण्याने डोळा धूत राहावं आणि तडक दवाखाना गाठावा.

थर्माकोलच्या तराफ्यावर मासेमारी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं. तिथे इपॉक्सीच लागतं, महाग पडलं तरी.

होडी पाण्यात सोडण्याआधी ठिगळावर नख दाबून बघावं. खूण उमटली तर आणखी दोन-तीन दिवस ऊन द्यावं. तरीही मऊ राहिलं तर खरवडून पुन्हा करावं.