बिऱ्हाडकरू की पाहुणा?

विळीने बोट कापले तर आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. जुन्या पेशी जातात, नव्या येतात. हृदयाच्या स्नायूचे मात्र तसे नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हिशेब मांडला. पंचविशीत या स्नायूच्या शंभर पेशींमागे वर्षाला जेमतेम एक नवी होते, आणि म्हातारपणी तेवढीही नाही. निम्म्याहून अधिक पेशी जन्मापासून अखेरपर्यंत त्याच!

अशा पेशीतले एखादे जनुकच सदोष निघाले तर? डॅनन नावाच्या दुर्मिळ रोगात असेच होते. पेशीतला केर साफ होत नाही आणि मुलांचे हृदय बहुधा ऐन विशीत थकते. मुळावरचा उपाय म्हणजे निर्दोष जनुक आत पोचवणे. पण पेशीच्या पडद्यातून जनुक आपण होऊन आत जात नाही. त्याला कोणीतरी न्यावे लागते.

पहिला वाहक विषाणू. परक्याच्या घरात शिरणे हा त्याचा पिढीजात धंदाच! त्याची जनुके काढून आपले जनुक त्याच्या झोळीत घालायचे. अडिनोव्हायरस यात मोठा पटाईत. परंतु शरीर त्याच्यावर चवताळून उठते. १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या विकारावरील चाचणीत अठरा वर्षांच्या तरुणाचा यातच मृत्यू झाला. हृदयासाठी आता पसंती आहे ती ‘एएव्ही’ या सौम्य विषाणूला. हृदयाच्या पेशी सहसा विभागत नाहीत, म्हणून त्याने नेलेले जनुक वर्षानुवर्षे टिकू शकते. उणेपणच इथे उपयोगी पडते!

पण त्याची झोळी लहान. जनुकाची सुमारे ४,७०० अक्षरेच तिच्यात मावतात. शिवाय शरीर एकदा त्याला ओळखू लागले की दुसऱ्यांदा दारातच अडवते.

दुसरा मार्ग विषाणूविना. मेदाचे सूक्ष्म थेंब, विजेचा क्षणिक झटका, किंवा सरळ सुई. ओझे मोठे चालते, पुन्हा देताही येते. मात्र शिरेतून दिलेले थेंब बरेचसे यकृतातच अडकतात, आणि जनुकाऐवजी त्याची आरएनए ही नक्कल दिली तर तिचा प्रभाव थोड्याच दिवसांत ओसरतो. पण कधी कधी हवे असते तेवढेच! बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी काही रुग्णांच्या हृदयात नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारा आरएनए टोचून पाहिला गेला. ही चाचणी अवघ्या ११ जणांची होती. त्यांत औषध मिळाले ते सातांना. ते सुरक्षित वाटले. गुण किती, हे ठरायला मोठ्या चाचण्या हव्यात.

आणि डॅनन? तिथे निरोप जन्मभराचा हवा, म्हणून एएव्हीच निवडला. २०२४ मध्ये सात रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा जणांच्या हृदयाची जाडी कमी झाली. आधीच फार खालावलेल्या एकाला मात्र हृदयरोपण करावे लागले. पुढल्या चाचणीत, २०२५ मध्ये, एक रुग्ण दगावला.

तेव्हा दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच चुकीचा. प्रत्येक रोग्यापुरते आधी ठरवावे लागते: या घरात कायमचा बिऱ्हाडकरू हवा, की चार दिवसांचा पाहुणा? बिऱ्हाडकरू एकदा आला की सहजी निघत नाही. म्हणूनच त्याला दार उघडताना डॉक्टरांचा हात अजून थोडा थबकतो. आणि थबकावा, हेच बरे.