आकाशातले अंतर आणि इब्रामपूरची वाट

पृथ्वीच्या गोलावर गोव्यापासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तर अंतर भरते सुमारे साडेसात हजार किलोमीटर. जेट विमानाच्या ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने त्याला भागावे, की नऊ तासांचे उत्तर हाती येते. शाळेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. प्रवाशाच्या मात्र ते सहसा कामी येत नाही. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे जाताना विमानाला समोरून अडवतात आणि परतताना पाठीमागून रेटतात. त्यात राजकारणाची भर. १९५५ नंतर पोर्तुगीज राजवटीची विमाने दाबोळीहून उडत, ती भारताचे आकाश टाळून, समुद्रावरून कराचीला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या अनेक विमानांना लांबचा मार्ग धरावा लागला. सत्तर वर्षांत वळसा कायम राहिला, वळसा घेणारा तेवढा बदलला!

इब्रामपूरच्या माणसाचा हिशेब मात्र विमानात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, सिंधुदुर्गाच्या सीमेलगत असलेल्या या गावातून दाबोळी गाठायची म्हणजे शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडणे आले. जुवारीवर पूल झाला १९८३ मध्ये. मांडवीवरचा १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पुन्हा फेरीबोटीची रांग नशिबी आली. मुंबईचे विमान तासाभरात पोहोचवी. त्या विमानापर्यंत पोहोचण्यात अर्धा दिवस जाई.

५ जानेवारी २०२३ पासून त्याच तालुक्यातील मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली. त्याच वर्षी लंडनच्या गॅटविक विमानतळापर्यंत थेट सेवाही सुरू झाली होती. इब्रामपूरकरांच्या वाटेतून तिन्ही नद्या एकदम दूर झाल्या; काणकोणकरांची वाट मात्र तेवढीच लांबली. शिवाय दोन्ही विमानतळांचे गाव तिकिटावर ‘गोवा’च! जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, ही खूण ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावे? चुकीच्या विमानतळावर उतरलेल्या टॅक्सीचे भाडे कोणत्याही वेळापत्रकात धरलेले नसते. विमान कंपन्यांनी तिकिटावर मोपा किंवा दाबोळी असे ठळक अक्षरांत छापावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

दुसरी मागणी वाहतूक खात्याकडे. पठाराभोवतीच्या गावांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या आहेत. पणजी-मडगावच्या प्रवाशांची सोय व्हावी, हे रास्तच. पण पहाटेचे विमान धरणाऱ्या किंवा मध्यरात्री परतणाऱ्या इब्रामपूर, हणखणे, हळर्ण येथील माणसालाही बस लागते. विमानाला उशीर झाला तर त्याची वर्दी क्षणात फलकावर झळकते. त्याच फलकावर इब्रामपूरच्या शेवटच्या बसची वेळ लिहायला एक ओळ पुरेल.